खटक्याचा नको, नखानं उघडणारा घे

"मावशी, नमस्कार. मी 26 वर्षांची, राजेंद्र नगरला राहते. मॅरेज गार्डनमध्ये फुलांची आणि पडद्यांची सजावट करणाऱ्या एका टीममध्ये आहे. दिवसभर काही ना काही कापत असते. सुतळी, रिबन, टेप, खोकी, केबल टाय, झेंडूच्या माळा. पर्समध्ये पेपर कटर ठेवते, पण त्याचं पातं सारखं तुटतं. म्हणून घडीचा चांगला चाकू घ्यायचाय, दोन हजारांपर्यंत. धाकट्या भावानं ऑनलाइन एक शोधलाय, काळा, बटण दाबलं की फटकन उघडणारा. आई म्हणते, मुलीनं चाकू बाळगायचा म्हणजे काय, पोलिसांनी धरलं तर? शिवाय सीझनमध्ये घरी यायला एक-दीड वाजतो, तेव्हा पर्समध्ये असला तर बरंही वाटेल. कोणता घेऊ?
– कटरला कंटाळलेली, इंदूर"

अगं कंटाळलेले, सासू, जाऊ आणि मुलांचे मार्क यांच्या ढिगात चाकूचं पत्र निघालं तेव्हा मी चहा बाजूला ठेवून ते वाचलं. हे सदर वाचणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसेल, पण मिस्टरांनी अंथरूण धरलं तेव्हापासून दुकान विकेपर्यंत बावीस वर्षं मी सियागंजात हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसलेली बाई आहे. कडीकोयंडे, पकडी, पटाशा, कानशी आणि काचेच्या कपाटात चाकू. तेव्हा आजचा सल्ला ऐकीव नाही.

आधी भावाचा काळा चाकू. तो नको. ऑर्डर केला असेल तर परत कर.

आपल्या मध्य प्रदेशात 22 नोव्हेंबर 1974 ची एक अधिसूचना आहे, आर्म्स ॲक्टच्या कलम 4 खाली काढलेली. सार्वजनिक जागी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायचं नाही, हा तिचा एक भाग. दुसरा भाग तुझ्या भावासाठी आहे: स्प्रिंगवर उघडणारा चाकू असेल तर पात्याचं माप बघायचंच नाही, कुठल्याही मापाचा चालत नाही. पोलिसांच्या कागदात याला 'खटकेदार चाकू' म्हणतात. भाऊ म्हणेल, 'कुछ नी होता, छोटा सा तो है.' छोटासा असून उपयोग नाही, हेच तर त्यात लिहिलंय. ऑनलाइन विकायला आहे म्हणजे खिशात ठेवायला चालतो असंही नाही. पकडला तर आर्म्स ॲक्टचं कलम 25 लागतं आणि त्यात तुरुंगवास आहे.

काही लोक नऊ इंचांचा नियम पाठ करून येतात. तो देशभरचा, 2016 च्या आर्म्स रूल्समधला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा, आणि त्यातून घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी घडवलेली अवजारं वगळलेली. आपण इंदुरात आहोत, तेव्हा सहाच धरायचे. तुझ्या कामाला तर तीन-सव्वातीन इंच भरपूर झाले. शिवाय निवडणुका किंवा मोठे सण आले की पोलीस आयुक्तांचा आदेश निघू शकतो, पूर्वीचं 144, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. त्या दिवसांत पेपरात आलेला आदेश नीट वाचायचा आणि शंका असेल तर चाकू घरी ठेवायचा.

दुकानात ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचार: 'उघडायला काय करावं लागतं?' 'ये बटन दबाओ' असं उत्तर आलं की खाली ठेव. 'नख घालून ओढा' म्हणाला तर पुढं बघ. घडीच्या साध्या चाकूतही पाठीला स्प्रिंगची पट्टी असते, पण ती पातं जागी धरून ठेवते, बाहेर फेकत नाही. ऑनलाइन मात्र जपून. वर्णनात 'ऑटो' किंवा 'असिस्टेड' लिहिलेलं असेल, तर आत कुठंतरी फेकणारी स्प्रिंग आहे असं समज.

आईला हा सगळा भाग मोठ्यानं वाचून दाखव, तिची निम्मी काळजी बरोबर आहे म्हणून. उरलेल्या निम्मीसाठी तिला हळूच विचार, तू पाळण्यात होतीस तेव्हा उशाखाली काय ठेवलं होतं. बहुतेक घरांत विळा नाहीतर चाकूच असतो. मुलीच्या जातीला चाकू तिनंच पहिल्यांदा दिला म्हणायचा!

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू शेवटी 'शिवाय' लावून हळूच सरकवलंस. रात्री पर्समध्ये असला तर बरं वाटेल. मी तिथंच अडकले. बरं वाटणं आणि कामी येणं यांत फार अंतर असतं ग. घडीचा चाकू पर्सच्या तळाशी, त्यावर टेपची रिळं, टिफिन, ओढणी. तो काढायला एक हात, उघडायला दोन, आणि तू स्कूटरवर. समोरचा तोवर थांबणार नाही. अंगाशी आलेल्या माणसाशी झटापट झाली की चाकू ज्याच्या हातात जोर जास्त त्याच्याकडे जातो. आणि कोणी विचारलंच, हा कशाला ठेवलाय, आणि तू म्हणालीस 'स्वतःच्या बचावाला', तर तुझ्याच तोंडानं तू अवजाराचं हत्यार केलंस. माळा कापायचा चाकू माळा कापायलाच ठेव.

रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर ठेकेदाराकडे आहे. फुलं घेऊन येणारा टेंपो रिकामा परत जातोच ना? सीझन सुरू व्हायच्या आधी, हिशोब ठरवतानाच सांग की अकरानंतर काम लांबलं तर टीममधल्या बायकांना घरापर्यंत सोडायचं. एकटीनं सांगितलं तर तो हसेल, चौघींनी सांगितलं तर लिहून घेईल, कारण लग्नाच्या दिवशी चौघी आल्या नाहीत तर त्याचा मांडव उघडा राहील. स्कूटरवर यावंच लागलं तर दोघी मिळून निघा, फोनवरून लाइव्ह लोकेशन घरी पाठव, आणि 112 पाठ असू दे. भावाला काम हवंय ना? तू बायपासवरून निघालीस की घरी पोचेपर्यंत त्यानं जागं राहायचं. काळा चाकू शोधण्यापेक्षा हे अवघड आहे, करतो का बघ.

झालं ते. आता खरा मजेचा भाग.

तुझं कटरचं पातं तुटतं म्हणून तू वैतागलीस, पण ते तुटण्यासाठीच केलेलं असतं. जपानमध्ये 1956 साली हा कटर निघाला, आणि तो काढणाऱ्याला ती कल्पना सुचली चॉकलेटच्या वडीवरून, खाचेवर मोडणाऱ्या. टोक बोथट झालं की एक तुकडा मोडायचा, आत नवी धार तयार. म्हणजे पातं मोडतं हा दोष नव्हे, तू त्याच्याकडून भलतं काम करून घेतेस हा दोष. तुझ्याकडे बहुतेक 9 मिलिमीटरचा बारका असणार, शाळेच्या प्रोजेक्टवाला. 18 मिलिमीटरचा घे, जाड पात्याचा. टेप, खोकी, थर्माकोल त्यानंच कापायचं. टेपचा डिंक चांगल्या चाकूच्या पात्यावर चढवण्यात काही अर्थ नाही. केबल टाय चाकूनं कापूच नकोस. तो ताणलेला असतो, सुटला की पातं थेट मनगटाकडे येतं. त्याला छोटी कटर पक्कड लागते, इलेक्ट्रिशियनकडे असते तशी. सॅटिनची रिबन कात्रीनं, नाहीतर कडेचे दोरे निघतात.

मग चाकूला उरलं काय? सुतळी, दोर, पडद्याचं कापड, फुलांचे देठ, माळांचा दोरा, आणि मधल्या सुट्टीत पेरू. एवढ्यासाठी पातं पातळ हवं, जाडजूड नको. दुकानात गिऱ्हाईक जाड पात्याचा चाकू हातात तोलून 'मजबूत है' म्हणायचं आणि घेऊन जायचं, मग महिन्यानं यायचं की याच्यानं टमाटा कापला जात नाही. कसा जाईल? ती छिन्नी होती.

आता लॉकचं. माझ्या उजव्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या जरा खाली, एक पांढरी रेघ आहे. दुकानात वॉर्निशचा डबा उघडत होते. हाताशी घडीचा चाकू होता, बिनलॉकचा, जुन्या चालीचा. म्हटलं, पाना कोण शोधणार. टोक झाकणाखाली घातलं आणि उचकटलं. झाकण हललं नाही, पातं हललं. पाठीच्या पट्टीनं धरलेलं पातं तू खाली दाबून कापतेस तोवर जागेवर राहतं, पण टोक खुपसलं किंवा पाठीकडून दाब आला की ते मिटतं, आणि मिटण्याच्या वाटेवर तुझी बोटं असतात. तीन टाके. चाकूची काही चूक नव्हती, डबा उचकटायचं त्याचं कामच नव्हतं. पण तेव्हापासून रोज हात घाईत चालवणाऱ्या माणसाला मी लॉकचाच चाकू दाखवला.

लॉक तीन तऱ्हेचं सहज मिळतं. एकात मुठीच्या आत पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाशी उभी राहते. बंद करताना पट्टी अंगठ्यानं बाजूला करावी लागते आणि तो अंगठा पात्याच्या वाटेत येतो, म्हणून नवख्या हाताला मी तो देत नाही. दुसऱ्यात पाठीवर दाबायची कळ असते, हा बरा. कळ दाबून पातं मिटतं, उघडत नाही, म्हणून तो खटक्यात धरू नकोस. तिसरा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात समजायला काही अवघडच नाही: मुठीच्या गळ्याशी धातूचं कडं, ते फिरवलं की पातं अडकलं.

हा तिसरा म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल. आल्प्सच्या डोंगराळ भागातल्या एका लोहाराच्या मुलानं 1890 साली शेतकऱ्यांसाठी काढला. बीच झाडाची गोल लाकडी मूठ, पातळ पातं, आणि 1955 पासून ते कडं. चपलांसारखे त्याचे नंबर असतात. सातव्या नंबराचं पातं 8 सेंटिमीटर, आठव्याचं साडेआठ. तुझ्या हाताला सातवा. उघडायला नखाची खाच, दोन्ही हात लागतात, फटकन वगैरे काही होत नाही. हल्लीच्या ओपिनेलचं कडं बंद पात्यालाही अडकतं, म्हणजे पर्समध्ये आपोआप उघडणार नाही. माझा कौल याला.

एक खोट आहे, ती आधीच सांगते. लाकूड पाणी पितं. तुझं काम बादल्या आणि ओल्या माळांचं. मूठ फुगली की पातं इतकं घट्ट बसतं की नख तुटेल पण उघडणार नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकं ठोकायचं, पातं जरासं वर येतं. मुळात ओल्या बादलीत टाकायचा नाही, आणि घेतल्या घेतल्या सांध्याच्या आतल्या लाकडाला मेण चोळून ठेवायचं.

पातं स्टेनलेसच घे, ओपिनेलवर 'इनॉक्स' लिहिलेलं असतं. साधं कार्बनचं पोलाद धार छान घेतं, पण देठांचा रस, लिंबू, पाणी लागलं की काळं पडतं आणि रात्रभर तसंच राहिलं तर तांबूस गंज. निगा ठेवणाऱ्या माणसाचा तो चाकू आहे. दीड वाजता घरी येणारी मुलगी पातं पुसून तेल लावून झोपेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरा पर्याय स्विस चाकूचा, लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स. 1897 साली पेटंट घेतलेली ही घडण, त्यात कात्रीसुद्धा येते. त्याचा सगळ्यात छोटा, मिटलेला 58 मिलिमीटर, किल्ल्यांच्या जुडग्यात बसतो. लॉक नाही, पातं दीड इंचाचं. हा मुख्य चाकू म्हणून अपुरा पडेल, पण त्याची चिमुकली कात्री रिबनला इतकी उपयोगी आहे की पुढच्या सीझनच्या पैशातून घ्यायला हरकत नाही. जाता जाता, कंपनीच्या नावातली 'व्हिक्टोरिया' ही संस्थापकाची आई. आईला हेही सांग.

दोन्हींच्या नकला बाजारात ढिगानं आहेत. पात्याच्या मानेजवळचा शिक्का बघ, अक्षरं पसरट नाहीतर तिरकी असतील तर सोड. मग पातं उघडून टोकाशी धर आणि डावीउजवीकडे हलव. डुललं तर नको. मिटताना ते मुठीच्या बरोबर मधोमध जायला हवं, एका बाजूला घासत गेलं तर खीळ तिरकी आहे. लॉक लावून पाठीवर टेबलाची कड हलकेच टेकवून दाब, मिटता कामा नये. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, मीही वैतागायची.

रंग मात्र भडक घे. लाल, पिवळा, निळा, पण झेंडूत हरवेल असा केशरी नको. मांडवाखाली पडलेल्या देठांच्या ढिगात काळी मूठ एकदा गेली की झाडणाऱ्यालाच सापडते. मुठीला लाल दोरा बांध. आणि तो पर्सच्या चोरकप्प्यात ठेवू नकोस. कटर, पक्कड, टेप, तार यांच्या पाऊचमध्येच ठेव. कोणी उघडून बघितलं तर सजावटवालीचं सामान दिसायला हवं, आणि ते तसंच आहे. पुण्याच्या लग्नाला विमानानं गेलीस तर हँडबॅगेत नाही, चेक-इनच्या बॅगेत. नाहीतर विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतील, आणि तिथं रडून उपयोग होत नाही.

राहिली धार. सायकलवर साण फिरवत येणाऱ्याकडे हा चाकू देऊ नकोस. त्याच्यावर माझा राग नाही, आपल्या विळ्या-कात्र्या त्यानं वर्षानुवर्षं चालवल्यात. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार क्षणात तापते. कडेला निळी झाक आली की ती जागा तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आली असं समज. लोहारानं दिलेलं पाणी तिथं उतरलं. दिसायला लखलखीत, पण दोन दिवसांत बोथट, आणि परत लावली तरी टिकणार नाही.

घरीच लाव, महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. हजार नंबरचा पाण्याचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो भिजवायचा, पातं दगडावर आडवं ठेवून पाठ थोडी उचलायची. किती? काटकोन डोळ्यांनी अर्धा कर, त्याचा परत अर्धा, आणि त्याहूनही थोडं खाली. साधारण वीस अंश. दाब न देता, दगडाचा पापुद्रा काढतेयस अशी पुढं ढकल. एका बाजूनं दहा-बारा वेळा, मग दुसऱ्या बाजूला बोटाचं पेर आडवं फिरवून बघ, धारेच्या दिशेनं कधीच नाही. बारीक करवतीसारखं खरखरलं तर त्या बाजूचं काम झालं, आता उलटी बाजू. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून चार हात ओढ. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला की पुरे.

दगड आणायचा कंटाळा असेल तर आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी बघ. तिच्या बुडाशी एक खरखरीत कडं असतं, झिलई न चढलेलं. बरणी उलटी करून त्यावर पातं ओढलं तरी कामापुरती धार येते, माझी आई विळीसुद्धा त्याच्यावरच घासायची. बरणी रिकामी झालीय ना, एवढं आधी बघ. सध्या कैरीचं असेल तर दगडच आण.